परतीची हाक

माझ्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी आहेत. तुम्ही मघापासून बघताय आणि विचारत नाही आहात, म्हणून मीच सांगते. सुईत दोरा ओवायला मला शेजारीण लागते, आणि जेवताना काड्यांनी सोयाबीनचा दाणा उचलायचा म्हटला की भात थंड होऊन जातो. गावातल्या बायका म्हणतात, सावाची बोटं दारात चेंगरली. म्हणू देत. चाळीस वर्षं मीच तसं सांगत आलेय.

आमचं घर म्हणजे तालीम. माझे वडील कुराओका जिन्नाई, त्सुयामाच्या सरदारांच्या पदरी जुजुत्सूचे, म्हणजे बिनहत्यारी झुंजीचे, गुरू होते. मग सरदार गेले, किल्ला पाडला, तलवारींवर बंदी आली. रिकाम्या हातांवर कोण बंदी घालणार? म्हणून आमची तालीम टिकली. टिकली म्हणजे काय, तर सकाळी दहा-बारा शिष्य चटयांवर एकमेकांना आपटायचे, आणि दुपारी बाबा गावातल्यांचे निखळलेले खांदे आणि मोडलेली हाडं बसवायचे. खरं सांगायचं तर चूल हाडांवरच पेटत होती.

मला भाऊ नाही. म्हणून ताकुमा घरजावई झाला आणि आमचं आडनाव लावू लागला. सुताराचा मुलगा, हातपाय लांबच लांब, रोज एकदा तरी चौकटीला कपाळ आपटणारा. "गुरुजींना मला पाडायला तीन डाव लागतात, तुमच्या चौकटीला एकच लागतो," म्हणायचा. मला तो फार आवडायचा. त्या काळी बाईनं हे बोलायचं नसे, आता बोलते.

त्या वर्षी, पर्सिमनची फळं पिकायच्या दिवसांत, पोलीस ठाण्यातून निरोप आला. शिपायांना शिकवायला माणूस हवाय, पण त्याच्याकडे घराण्याचा शेवटचा दाखला पाहिजे. बाबांनी पत्र कपाळाला लावलं आणि म्हणाले, "देऊ. पंचांगातल्या येत्या माकडाच्या दिवशी ताकुमाला दाखला देऊ." ताकुमानं जमिनीला डोकं टेकलं. मी स्वयंपाकघरात गेले आणि मुळ्याच्या लोणच्याच्या बरणीला धरून उभी राहिले.

का ते सांगते. आमच्या घराण्यात सगळ्यात शेवटी शिकवतात ती माणूस परत आणायची विद्या. गळा आवळून पडलेला असो, छातीवर आपटून श्वास थांबलेला असो, नदीतून काढलेला असो, त्याला परत बोलवायचं. तिला कात्सु म्हणतात. आमच्या घराण्याच्या कागदी गुंडाळ्यांत एकेक डाव चित्रासकट लिहिलाय, आणि तिथे आलं की नुसते दोन शब्द: 'तोंडी सांगावे'. गुरू ती एकालाच देतो. आणि देण्याआधी स्वतःच्या हातानं त्याचा गळा आवळतो, पूर्ण. एरवी चटईवर थाप मारली की समोरचा सोडतो, त्या दिवशी थाप मारायची नसते. शिष्य पडतो, गुरू त्याला परत बोलावतो, आणि तो शुद्धीवर आला की मग कसं बोलावलं ते दाखवतो. बाकीचे शिष्य तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून बसतात. जिवाची शपथ असते, अंगठा टोचून रक्तानं घेतलेली. बाईमाणसाला तर तालमीत पायच ठेवायचा नाही. माझं काम एवढंच, की गुरूला हात धुवायला पाण्याची बादली दारातून आत सरकवायची आणि दार ओढून बाहेर बसायचं.

आणि मला एक गोष्ट ठाऊक होती, जी घरात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हती. बाबा विसरायला लागले होते.

आधी बारीकसारीक. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि एका सकाळी त्यांनी तिच्या नावानं हाक मारून मोजे मागितले. मी निमूटपणे दिले. मग उन्हाळ्यात एक कोळसेवाला उजवा खांदा निखळून आला. बाबांनी त्याला बसवलं, दंड धरला, एवढ्यात शेजारणीनं कुंपणावरून मला हाक मारली, "सावा, कढई आहे का गं मोकळी?" मी वळून बघते तर बाबांचे हात थांबलेले. ते त्या माणसाच्या दंडाकडे असे बघत होते, जसं काही कुणी तो त्यांच्या हातात आणून ठेवलाय आणि कशाला ते सांगितलं नाही. मग त्यांनी पट्टी घेतली आणि त्याच्या चांगल्या, डाव्या हाताला गुंडाळायला लागले.

काय बोलावं सुचेना, म्हणून तोंडाला आलं ते बोलले, "बाबा, हात धुवायचे राहिले."

"हो की," ते म्हणाले. उठले, हात धुतले, पुसले, येऊन बसले, नमस्कार केला, आणि उजवा खांदा धरून एका झटक्यात बसवला. एकही हालचाल इकडची तिकडे नाही. कोळसेवाला खूश. "गुरुजी हात धुण्याला फार मानतात बुवा," म्हणाला.

तेव्हापासून मला ती युक्ती सापडली. मधेच कुणी हाक मारली, काही पडलं, वाजलं, की बाबांचा धागा तुटायचा. आणि तुटला की मधून कधीच सांधता यायचा नाही. त्यांना पहिल्यापासून सुरू करून द्यावं लागायचं, हात धुण्यापासून. मग हात आपले आपण चालायचे. मी शेजारी बसून राहायचे आणि धागा तुटला की म्हणायचे, बाबा, हात धुवायचे राहिले. लोकांना वाटायचं, काय गुणाची लेक, वडिलांची किती काळजी घेते. गुणाची कसली! मी झाकत होते. कुराओका जिन्नाई विसरतात हे गावाला कळलं असतं तर तालीम दुसऱ्या दिवशी बंद पडली असती, आणि बाबा तिसऱ्या दिवशी गेले असते.

खांदा चुकला तर माणूस बोंबलतो तरी. गळा आवळल्यावर मधे धागा तुटला तर कोण बोंबलणार?

मी ताकुमाला सांगितलं. पर्सिमन सोलून दोरीला वाळत घालत होतो आम्ही दोघं. मी म्हटलं, "अहो, बाबांना हल्ली आठवत नाही. तुम्ही हा दाखला नका घेऊ."

तो हसला. "काल त्यांनी मला अकरा वेळा उताणं पाडलं. न आठवता?"

"तसं नाही. मधेच थांबतात. खांदा कुठला तेही..."

"सावा," तो म्हणाला, आणि त्यानं सुरी खाली ठेवली. "डोकं विसरेल, हात नाही विसरायचे. आणि मी जाऊन गुरूंना म्हणू, तुम्ही विसरता म्हणून मला भीती वाटते? सुताराच्या पोराला मुलगा म्हणून घरात घेतलं त्यांनी. त्यापेक्षा गळा आवळून घेतलेला बरा."

मला इतका राग आला की हातातलं फळ त्याच्या अंगावर फेकलं. त्यानं ते झेललं आणि खाऊन टाकलं. असल्या माणसाला काय करायचं तुम्हीच सांगा.

मग बाबांकडे गेले. ते ओसरीवर ऊन खात बसले होते. मी चहा दिला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, ते परत बोलावताना गुडघा कुठे लावतात हो?"

बाबांनी पेला खाली ठेवला. "तुला काय करायचंय?"

"काही नाही. तुम्हाला आठवतंय ना, एवढंच."

"शपथेची गोष्ट आहे ती!" ते ओरडले. "स्वतःच्या बायकोलाही सांगितली नाही मी. चल, ऊठ!"

मी उठले. पण जाता जाता त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही. ते सांगत नव्हते की त्यांना सांगता येत नव्हतं? बाहेरून दोन्ही अगदी सारखंच दिसत होतं. त्या दुपारी मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

शेवटचा उपाय म्हणून इसोगाईकाकांना गाठलं. ते आमचे सगळ्यात जुने शिष्य, साठीचे, बाजारात सुकी मासळी विकायचे. वीस वर्षांपूर्वी सरावात त्यांचा श्वास थांबला होता आणि बाबांनी त्यांना परत आणलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

"काका, बाबांनी तेव्हा नेमकं काय केलं?"

"मला काय विचारतेस पोरी? मी मेलो होतो!"

"पण काहीतरी कळलं असेल ना?"

"कळलं की. डोळे उघडले तर तुझे वडील म्हणाले, इसोगाई, तुझ्या तोंडाला मासळीचा वास येतो." ते खो खो हसले, आणि मग माझा चेहरा बघून हसायचे थांबले. "का गं? काय झालं?"

सांगावंसं फार वाटलं. जिभेवर आलं होतं. पण वीस वर्षं ज्या माणसाला ते देव मानत होते, त्याच्याबद्दल काय सांगायचं? "काही नाही, उगाच," म्हटलं आणि घरी आले. ती माझी चूक. आजही कधी कधी सुक्या मासळीचा वास आला की मला ती चूक आठवते.

आता एकच करण्यासारखं होतं. त्या दिवशी कसलाही आवाज होऊ द्यायचा नाही. मी गल्लीतल्या एकेका घरी गेले, खाली वाकून विनंती केली, उद्या सकाळी आमच्याकडे मोठं कार्य आहे, तेवढी दोन तास शांतता ठेवा. भांडी घासू नका, कुत्रा बांधा, पोरांना नदीवर पाठवा. टोफूवाल्याला वाटेत गाठून सांगितलं, "उद्या आमच्या गल्लीत भोंगा वाजवत येऊ नका. ताकुमाला दाखला मिळायचाय." तो म्हणाला, "वा वा, बाई! गल्लीत पाऊल टाकणार नाही." मी सगळं केलं, असं मला वाटलं.

माकडाचा दिवस उजाडला. सकाळी ताकुमानं विहिरीच्या पाण्यानं अंघोळ केली, नवा अंगरखा घातला. आमच्याकडचे सरावाचे अंगरखे जाड, दुहेरी शिवणीचे असतात, आणि गळपट्टी तर लाकडासारखी टणक. ती मीच शिवली होती. उन्हाळाभर बसून, बारीक टाके घालून, ओढूनही फाटू नये म्हणून. दारातून जाताना त्यानं कपाळ आपटलं नाही, चक्क वाकून गेला. मला रडूच फुटलं.

शिष्य आले, बसले. मी बादली आत सरकवली. बाबांनी हात धुतले, पुसले. छान चाललं होतं. मला एवढंच दिसलं, की ताकुमा त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसलाय आणि अकरा पाठी भिंतीकडे वळल्यात. मग मी दार ओढलं आणि बाहेर बसले.

दोघांचा नमस्कार ऐकू आला. मग कापड करकरलं. गळपट्टी पिळली जाते तेव्हा असा आवाज होतो. ताकुमाच्या घशातून एक घरघर आली, टाचा चटईवर घासल्या. थाप नाही. त्यानं थाप मारली नाही. मग टाचांचाही आवाज थांबला.

नियम मला ऐकून ठाऊक होता. गुरू पाच श्वास मोजतो आणि मग हाक येते, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी. मी माझे श्वास मोजायला लागले. एक. दोन.

आणि गल्लीच्या तोंडाशी टोफूवाल्याचा भोंगा वाजला.

मेला गल्लीत आला नव्हता. शब्दाला जागला होता. पण कार्य आहे म्हणून त्यानं कोपऱ्यावर उभं राहून एक लांब, छान, मंगल सूर लावला. मीच सांगितलं होतं ना त्याला कार्य आहे म्हणून! तीन. चार. पाच. सहा. हाक नाही. नऊ. दहा. आत कुणीतरी चालत होतं, पावलं दाराकडे येत होती. दार सरकलं. बाबा उभे होते, चेहरा अगदी शांत.

"सावा," ते हळू आवाजात म्हणाले, "ताकुमाला झोप लागलीय. अंगावर घालायला काहीतरी आण. आणि चहा ठेव."

माझी भीती मी कशी सांगू? पायाखालची जमीन गेली म्हणतात तसं काही झालं नाही. उलट सगळं फार स्पष्ट दिसत होतं. ताकुमा चटईवर कुशीवर पडला होता, ओठ जांभळे, एक डोळा अर्धा उघडा. छाती हलत नव्हती. आणि त्याच्या चारी बाजूंना अकरा धडधाकट माणसं डोळे घट्ट मिटून भिंतीकडे तोंड करून बसली होती.

मी आत धावले. "काका! वळा! अहो वळा कुणीतरी!"

इसोगाईकाकांचे खांदे थरथरले. "शपथ आहे पोरी," ते भिंतीलाच म्हणाले. "गुरुजी सांगेपर्यंत कसं वळू?"

"गुरुजींना आठवत नाहीये!"

कुणी हललं नाही. वळले असते तरी काय केलं असतं? त्यांच्यातल्या एकालाही ते येत नव्हतं. येणारा माणूस दारात उभा राहून चहाची वाट बघत होता.

मी ताकुमाला हलवलं, गालावर मारलं, नाव घेऊन किंचाळले. काही नाही. मग बाबांचा हात धरला आणि त्यांना ओढत बादलीपाशी आणलं. माझा आवाज मला परका वाटत होता.

"बाबा, हात धुवायचे राहिले."

"हो की," ते म्हणाले. आणि धुवायला बसले. सावकाश, एकेक बोट. मी तोंडात बाही कोंबली, नाहीतर ओरडले असते. पुसले. मी ताकुमाला उचलून बसवलं, पाठीमागून माझ्या खांद्याचा टेकू दिला, त्याचं डोकं लुळं लोंबत होतं. बाबा समोर बसले. नमस्कार केला. मी ताकुमाचं डोकं हातानं वाकवलं, नमस्काराला नमस्कार झाला. बाबांचा उजवा हात गळपट्टीत शिरला, डावा त्याच्यावरून आडवा गेला. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की पहिल्यापासून म्हणजे हेही आलं. गळा पुन्हा आवळायचा. ज्याच्यात श्वास नाही, त्याचा.

थांबवलं असतं तर धागा तुटला असता. पुन्हा हात धुण्यापासून. तेवढा वेळ नव्हता.

मी माझा उजवा हात ताकुमाच्या गळ्याच्या आणि त्या पट्टीच्या मधे घातला.

बाबांनी आवळलं. पासष्ट वर्षांचा माणूस, पण काय ते मनगट! मीच शिवलेले टाके माझ्या बोटांत रुतले. आधी एक बोट मोडलं, मग दुसरं, सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला. मी ओरडले नाही. ओरडले तर धागा तुटेल, एवढंच डोक्यात होतं. बाबा तोंडानं श्वास मोजत होते. पाच झाले. हात सुटले. ते उठले, वळसा घालून मागे आले, मला कोपरानं बाजूला सारलं, गुडघा लावला, तळवे लावले. कुठे ते मी सांगणार नाही, मला शपथ आहे. आणि हाक दिली.

ती हाक मी आयुष्यात विसरणार नाही. कागदी दारं थरथरली.

काही झालं नाही.

बाबांनी पुन्हा हाक दिली. ताकुमाची छाती एकदम वर आली, घशातून फाटक्या भात्यासारखा आवाज आला, आणि तो खोकला. खोकला, ओकला, पुन्हा खोकला. मी जन्मात एवढं सुंदर काही ऐकलं नाही.

"वळा," बाबा म्हणाले, एकदम गुरूच्या आवाजात. "झालं." आणि सरळ निघून गेले, झोपायला.

शिष्य वळले. त्यांना काय दिसलं? चटईवर बसलेला ताकुमा, आणि तालमीत, जिथे पाय ठेवायचा नाही तिथे, हात छातीशी धरून बसलेली मी. एक तरुण शिष्य काहीतरी विचारायला लागला. इसोगाईकाकांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प. "आपण भिंतीकडे तोंड करून होतो," ते म्हणाले. "कुणाला काही विचारायचं असेल तर भिंतीला विचारा." मग माझ्यासमोर येऊन त्यांनी जमिनीला डोकं टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही.

दुपारी ताकुमा झोपला होता. मी त्याच्या नाकापुढे हात धरून बसले होते, डावा. बाबांनी हाडं बसवायच्या खोलीतून हाक मारली, "सावा, बोटं दाखव."

हात धुतले, बसले, माझी बोटं बघितली. "कशानं?"

"दारात चेंगरली."

त्यांनी माझा हात उजेडात धरला. बोटांच्या आतल्या बाजूला टाक्यांच्या खुणा उमटल्या होत्या, एका ओळीत. "कुठल्या दाराला अशी शिवण असते गं?" ते म्हणाले.

मी मान खाली घातली. मग त्यांनी विचारलं, "मी काय म्हणालो होतो?"

"बाबा, राहू द्या."

"काय म्हणालो होतो, सावा?"

"चहा ठेव म्हणालात."

त्यांच्या हनुवटीला कंप सुटला. आई गेली तेव्हाही मी त्यांना असं बघितलं नव्हतं. पण हात थांबले नाहीत, त्यांनी बोटांना बांबूच्या पट्ट्या बांधल्या. मग उठून शपथेची गुंडाळी आणली, दाभण आणलं. "डावा अंगठा दे," म्हणाले. गुंडाळीत तीनशे वर्षांची नावं होती, सगळी पुरुषांची. त्यांच्या खाली माझं नाव आणि माझ्या रक्ताचा ठिपका.

"ताकुमाला आता मी दाखवू शकत नाही," ते म्हणाले. "तू पाहिलंयस. तू दाखव. पण तू एकदाच पाहिलंस, तेही भेदरून. बरोबर पाहिलंस का, हे मला आजच कळलं पाहिजे. उद्या मी कुठे असेन सांगता येत नाही." आणि त्यांनी अंगरख्याची गळपट्टी सैल केली. "माझ्यावर कर."

"तुम्हाला वेड लागलंय का?" मी ओरडले. "तोंडी सांगा ना! गुंडाळीत काय लिहिलंय? तोंडी सांगावे!"

"तोंडात राहिलं नाही आता. सकाळी हातात तरी होतं."

"आणि चुकले तर?"

"तर ताकुमाला सांग, गुरुजी दाखला देऊन दमले आणि गेले. कुणाला आश्चर्य वाटणार नाही." ते माझ्यासमोर गुडघे टेकून बसले. "घाबरतेस?"

"हो."

"घाबर. पण मोजायला विसरू नकोस."

मी नाही म्हणू शकले असते. पण मग ताकुमाला कोण दाखवणार होतं, आणि उद्या तालमीत दुसरा कुणी पडला तर त्याला कोण उठवणार होतं? मी बादलीपाशी गेले. हात धुतले, एकेक बोट, बांधलेली सोडून. पुसले. येऊन बसले, नमस्कार केला. उजव्या बोटांनी धरता येईना, म्हणून मनगटानं पट्टी अडवली. बाबा माझ्याकडे बघत होते. मी आवळलं. त्यांचा चेहरा लाल झाला, डोळे माझ्यावरून ढळले नाहीत, आणि मग ढळले. मान माझ्या हातावर कलंडली. किती हलकी होती!

एक. दोन. बाहेर कुठेतरी कुत्रा भुंकला. मी दात आवळले. पाच. मी मागे गेले, गुडघा लावला, तळवे लावले. हाक देण्यासाठी तोंड उघडलं तर आवाजच निघेना. पुन्हा उघडलं. देवा, फक्त एवढा आवाज दे, म्हटलं. आणि हाक दिली.

बाबांनी श्वास घेतला. लगेच, पहिल्याच हाकेला. दोन-तीनदा खोकले, डोळ्यांतून पाणी आलं. मी पुढे येऊन त्यांचे खांदे धरले. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे नीट निरखून बघितलं. माझ्या बांधलेल्या बोटांकडे बघितलं.

"हात चांगला आहे तुझा, पोरी," ते म्हणाले. "गुरू कोण तुझे?"

मी म्हटलं, "कुराओका जिन्नाई."

त्यांनी जरा विचार केला. "ऐकल्यासारखं वाटतं नाव," म्हणाले. "चांगलं शिकवलंय त्यांनी."

"हो," मी म्हटलं, "फार चांगलं शिकवलंय," आणि त्यांच्यासाठी चहा ठेवायला उठले.